उकललेलं घर

तुमच्या उशीच्या अभ्र्यावर, चहाच्या कपावर, कदाचित तुमच्या लग्नपत्रिकेवरही आमच्या भिंतीवरची पांढरी, त्रिकोणी माणसं हात धरून नाचत असतील. पण ज्या भिंतीवरून ती उचलली ती भिंत कशाची होती, आणि तिच्या आतलं घर कशाच्या आधारावर उभं होतं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत का? मी हा प्रश्न सभांमधून पुष्कळांना विचारला आहे. बहुतेक जण म्हणतात, माती. एका बाईंनी फार मायेनं सांगितलं, "झोपडीच ना ती, उभी राहते कशीबशी." त्या बाईंवर मी तेव्हा चिडले नाही, कारण सोळा-सतरा वर्षांची होईपर्यंत, त्याच घरात जन्मून, त्याच्याच जमिनीवर रांगून, मलाही याहून जास्त ठाऊक नव्हतं. आमचं घर कशावर उभं आहे हे मला ते खाली उतरवलं तेव्हा कळलं.

तलासरीहून झरीच्या रस्त्याला लागायचं, पुढे डांबर सोडून ओढा ओलांडायचा, की ताडांच्या रांगेमागे आमचा पाडा. लांबून आमचं घर दिसायचंच नाही. पेंढ्याचं छप्पर इतकं खाली आलेलं की उन्हाळ्यात वाळलेल्या टेकडीचा एक भाग वाटावा. आत शिरताना प्रत्येकाला वाकावं लागे, तलाठ्यालाही. बा म्हणायचा, "आपल्या दारात सायेब नमस्कार करूनच येतो." वाकून आत गेलं की पहिल्यांदा काहीच दिसायचं नाही. बाहेरचं ऊन डोळ्यांत उरलेलं असायचं. मग हळूहळू एकेक वस्तू काळोखातून वर यायची: कोपऱ्यातली भाताची कणगी, जमिनीत पुरलेलं उखळ, पलीकडच्या अंगाला बांधलेली गाय आणि तिचं पांढरं कपाळ, आणि मध्ये तीन दगडांची चूल. सगळ्यांत शेवटी वरचं दिसायचं. मान मागे टाकून वर पाहिलं की छप्पर उंचच उंच जायचं. बाहेरून एवढं ठेंगणं घर आतून एवढं उंच कसं, हे कोडं मला लहानपणी पडायचं, आणि खरं सांगायचं तर अजून पुरतं सुटलेलं नाही. वर धूर साचून राहिलेला असे आणि त्यातून आढं, म्हणजे छपराचा कणा असलेलं ते लांब लाकूड, काळ्या तुकतुकीत अजगरासारखं आडवं दिसे.

भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, बांबूच्या कांब्यांनी आडव्या आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण, माती, भाताचं तूस कालवून लिंपायच्या. लिंपण कुठे कुठे गळून पडलं की काठ्यांमधल्या फटींतून उजेडाच्या सुया आत येत. त्या फटी बुजवायला आमच्याकडे एक खास माल होता. बा जमिनीच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेचं काम करायचा. वाटून उरलेली पत्रकं, पिवळी, गुलाबी, कधी हिरवी, तो घरी आणायचा आणि आय ती घडी घालून कुडात खोचायची. मी अक्षरं शाळेत नाही शिकले, त्या भिंतीत शिकले. पहिला वाचलेला शब्द "जमीन" होता, आणि त्याच्या पुढचा शब्द काठीआड गेल्यामुळे कित्येक दिवस अर्धाच राहिला. दाराच्या डाव्या अंगाच्या मेढीला पाठ लावून मी बसायची आणि समोरची भिंत वाचायची. मेढ म्हणजे आमच्याकडचा खांब, पण नुसता खांब नाही; वरच्या टोकाला झाडाचं बेळकं, फांद्या फुटतात ती जागा, तसंच ठेवलेलं. त्या बेळक्यात तुळई बसते. कुणी ती ठोकत नाही. ती आपली बसलेली असते, आईच्या काखेत मूल बसतं तशी.

त्या घराला आवाज होते. पहाटे आय आणि थोरली काकी उखळात भात सडायच्या. एक मुसळ वर, एक खाली, आणि दर ठोक्याला जमिनीतून मेढींवर चढत जाणारा एक बारीक हुंकार वर आढ्यापर्यंत पोचायचा. झोपेत तो मला पाठीतून ऐकू यायचा. दुपारी पेंढ्यात उंदीर खसफस करायचे. वारा सुटला की बंध कुरकुरायचे. बंध आपट्याच्या सालीचे होते, ओले असताना बांधलेले आणि वाळून लाकडात रुतलेले. साऱ्या घरात लोखंडाचा एक खिळा नव्हता. या खिळ्यांची गोष्ट काकी सांगायची, नागलीची भाकर थापता थापता. चुलीवर उडदाची आमटी नाहीतर चिंचणीच्या बायका बाजारात विकायच्या तो सुका जवळा असायचा, त्याच्या वासानं मांजर आणि आम्ही सारखेच चुलीला चिकटलेले. काकी म्हणायची, "तुझा आजा जन्मभर जंगल तोडीत होता. कुणासाठी? सावकारासाठी, ठेकेदारासाठी. वेठ. गाड्याच्या गाड्या साग त्याच्या खांद्यावरून गेला. वेठ मोडली तेव्हा पहिल्यांदा त्यानं लाकूड आपल्यासाठी तोडलं. ते हे. मग म्हंगाला, खिळा सावकाराच्या दुकानातून आणावा लागंल, तर खिळाच नको."

"मग घर पडेल अशी भीती नव्हती वाटली त्याला?" मी विचारायची.

"पडलं का?" काकी विचारायची, आणि भाकर उलटायची.

काकी म्हणजे बाच्या थोरल्या भावाची बायको. थोरला बा मी जन्मायच्या आधीच गेला होता. तिला मूल नव्हतं, आणि पाड्यात तिच्याइतकं मोठ्यानं हसणारं दुसरं कुणी नव्हतं. आयचं आणि तिचं वाजायचं ते फक्त चुलीवरून, लाकूड कुणी किती सारायचं यावरून. धूर जास्त झाला की आय बाहेर जाऊन खोकायची आणि आत येऊन म्हणायची, "वयनी, आज छपराला फोडणी दिली का?"

मग आमचं घरकुल मंजूर झालं. ती बातमी घेऊन बा तलासरीहून आला तो ओढ्यापासूनच ओरडत. मी तोवर दहावी ओलांडून पत्रकं नुसती वाचायची सोडून लिहायला लागले होते, आणि माझी भाषा फार तापलेली होती. पक्कं घर हा आमचा हक्क आहे असं मी लिहिलं होतं, आजही लिहिते आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. गळणाऱ्या छपराखाली रात्रभर टोपल्या हलवत बसण्यात कसलंही सौंदर्य नाही. दरसाल पेंढा बदलायचा, वाळवी झाडायची, साप निघाला की काठी शोधायची. जे लोक आमच्या घरांचं कौतुक करतात त्यांना मी म्हणते, या, एक श्रावण राहून बघा. पण अडचण अशी होती की सपाट जागा आमच्याकडे एकच होती, आणि तिच्यावर आजाचं घर उभं होतं.

"मोडायला लागंल," बा म्हणाला. आनंदाच्या भरात म्हणाला, पण म्हणून झाल्यावर त्यानं वर आढ्याकडे पाहिलं.

काकी तांदूळ निवडत होती. मान न उचलता म्हणाली, "घर मोडायचं नसतं. उकलायचं असतं. मागं माझ्या वाट्याच्या माळावर परत बांधू. तुम्ही ऱ्हावा तुमच्या सिमिटात, मी माझ्या घरात ऱ्हाईन."

"या वयात एकटी ऱ्हाशील?"

"एकटी कशी? तुझी बायको भांडायला येईलच की रोज."

बाला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. पण थोरल्या वहिनीला नाही म्हणायची रीत आमच्याकडे नाही. एक गोष्ट मात्र त्याला स्वतःला सुचली आणि तिचा त्याला फार अभिमान होता. भिंतींवर घोषणा रंगवून उरलेला लाल रंग घरात होता. प्रत्येक मेढीवर, प्रत्येक तुळईच्या टोकावर आकडा घालायचा, म्हणजे परत उभं करताना घोटाळा नको. ब्रश घेऊन तो पहिल्या मेढीजवळ गेला आणि काकी उठून उभी राहिली. "मेढीच्या अंगाला रंग लावायचा नाय. देव टांगलाय तिला. लग्नाला तांदळाचं पीठ लागतं, तेवढंच." बानं ब्रश परत डब्यात ठेवला. मग त्यानं तोडगा काढला. मेढींचे बुंधे एका अंगानं तळापर्यंत उकरायचे, आणि जमिनीत जो भाग गाडलेला असतो, जो कुणाला दिसत नाही आणि देवालाही ज्याचं काही वाटणार नाही, तिथे, अगदी टोकाशी, आकडे घालायचे. काकी म्हणाली, "मातीत काय पण लिही." तुळयांवरचे आकडेही तिनं घालू दिले नाहीत. बा म्हणाला, मेढी जागेवर बसल्या की तुळया आपोआप बसतील.

घर उकललं तो दिवस अजून माझ्या अंगावर काटा आणतो. पाडा सगळा आला होता. बोलावणं लागत नाही; कुणाचं छप्पर असलं की प्रत्येक घरातून एक जण येतो आणि आपल्या वेळेला आपण जातो. आधी पेंढा उतरला, त्याच्याखालची सागाची वाळकी पानं उतरली, आणि किती वर्षांचा धूर त्या पानांतून उठला कोण जाणे, सगळे खोकत हसत होते. मग पुरुषांनी कुड सोडवले. मला वाटत होतं की भिंती काढल्या की घर खाली बसेल. मी लहान भावंडांना हाताला धरून लांब नेलं होतं. भिंती एकामागून एक आडव्या झाल्या, पत्रकांचे रंगीत तुकडे उडाले, आणि घर होतं तिथेच होतं. चारी बाजूंनी उघडं, नुसत्या मेढी, तुळया, वासे. चुलीशी उभं राहिलं तर पश्चिमेला ताडांच्या वरून खाली खोल सपाटी दिसत होती, हायवेवरच्या ट्रकांची चमक दिसत होती, आणि पूर्वेला डोंगर. जन्मभर ज्याला मी भिंत समजत होते त्या भिंतीनं काहीच उचललेलं नव्हतं. सगळा भार त्या थोड्या झाडांनी, आपल्या फांद्यांच्या जागेत, इतकी वर्षं उचलून धरला होता आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.  

लाड्याभाऊ म्हणून बाचा मित्र होता, पाड्यातला सगळ्यांत वांड माणूस. तो वर चढून बंध कापू लागला, तर काकी खालून ओरडली, "कापू नको. सोड." सुकलेल्या सालीवर पाणी शिंपडायचं, थांबायचं, मग गाठ हातानं सोडवायची. "म्हातारे, संध्याकाळ होईल," लाड्याभाऊ म्हणाला. "होऊ दे," काकी म्हणाली, "आजाला बांधायला काय सकाळ पुरली होती?" आढं शेवटी उतरलं. बेळक्यांच्या काठ्या लावून पुरुषांनी ते खांद्यावर घेतलं, आणि ज्या बेळक्यांतून ते उचललं तिथे लाकूड कोवळं, पिवळं, कालच तोडल्यासारखं निघालं. धूर तिथपर्यंत कधी पोचलाच नव्हता. बायकांनी पुढे होऊन त्या पिवळ्या जागेला हात लावून पाहिला.

लाकडं माळावर ताडपत्रीखाली रचली गेली, आम्ही शेजारी एका तात्पुरत्या छपरीत राहायला गेलो. जुन्या जागेवर नव्या घराच्या पायासाठी खणायला सुरुवात झाली, आणि बा संघटनेच्या कामाला नाशिककडे निघून गेला. तो नसताना आमच्या हातून घोटाळा झाला, आणि तो सगळ्यांनी मिळून, फार चांगल्या मनानं केला. मेढींचे बुंधे जमिनीत राहून कुजलेले होते. परत रोवायच्या तर कुजका भाग कापायलाच हवा होता. सगळ्यांत वाईट मेढीला वीतभर कापावं लागणार होतं, तेव्हा सगळ्याच वीतभर कापायच्या, म्हणजे घर समपातळीत राहील, असं ठरलं. "वीतभर ठेंगणं होईल," लाड्याभाऊ म्हणाला. "मीपण तेवढीच ठेंगणी झालेय," काकी म्हणाली, "जमंल आमचं." करवत चालली. कापलेले तुकडे वाळके, हलके होते, झकास पेटत होते. मातीनं माखलेल्या त्या तुकड्यांकडे कुणी निरखून पाहिलं नाही. कापणाऱ्यांसाठी चहा त्यांच्यावरच झाला, दुसऱ्या दिवशी भातही.

बा परत आला. ताडपत्री वर केली. एका मेढीच्या बुंध्याकडे पाहिलं, मग दुसरीच्या, मग सगळ्यांच्या. "आकडे कुठं गेले?" त्यानं विचारलं.  आयनं हळूच चुलीतल्या राखेकडे पाहिलं, आणि लाड्याभाऊ म्हणाला, "भाऊ, ते आपण प्यालो."

आज आठवलं की हसू येतं. तेव्हा बाचा चेहरा पाहून कुणाला हसायचं धाडस झालं नाही. कारण यात एक दुसरी गोष्ट गुंतली होती. घर उकललं तेव्हापासून डहाणूच्या किनाऱ्यावरचा एक हॉटेलवाला शेठ दोनदा येऊन गेला होता. समुद्राकाठी त्याला "आदिवासी हट" बांधायचे होते आणि जुन्या सागाच्या मेढी हव्या होत्या. "बहु सरस लाकडू," तो मेढीवरून हात फिरवत म्हणायचा, आणि मग मराठीत, "काका, इकडे वाळवी खाएल. आमी पॉलिश मारून शोभेला ठेवू. लांब लांबचे लोक बघतील." बानं त्याला हाकललं होतं. आता आकडे गेले, आणि बा कणगीला टेकून बसला. दुसऱ्या दिवशी तो तलासरीला जाऊन आला आणि म्हणाला, "वयनी, घर होतं तोवर घर होतं. आता नुसती लाकडं हायत. प्रत्येक बेळकं वेगळं, चुकीच्या जागी लावलं तर एका वाऱ्यात बसंल खाली, तुझ्या अंगावर. येत्या बाजाराच्या दिवशी शेठचा टेम्पो येतोय. नेऊ दे त्याला." तो निरोप त्यानं आधीच देऊन टाकला होता.

काकी रडली नाही, भांडली नाही. तिचं सगळं आयुष्य त्या ताडपत्रीखाली होतं. तिचा देव सुपात घालून आमच्या तात्पुरत्या छपरीत टांगला होता. ती म्हणाली, "बाजाराला अजून येळ हाय ना? मग आधी चूल मांडा."

"कुठली चूल?" बा म्हणाला.

"माझी. माळावर. तीन दगड."

आम्हाला वाटलं, तिला भूक लागली असेल. आयनं तीन दगड आणले, जुन्या घरातलेच. काकी माळावर फिरली, दोन ठिकाणी पाय आपटून पाहिले, एका जागी दगड मांडायला लावले आणि त्यांच्यापाशी तोंड पूर्वेला करून बसली, जशी ती नेहमी बसायची. मग म्हणाली, "आता आणा एकेक."

लाड्याभाऊ आणि माझा भाऊ पहिली मेढ उचलून घेऊन आले आणि तिच्यासमोर उभी धरली. काकीनं पाहिलं. मग आयकडे बघून म्हणाली, "दिसतंय का तुला?" आय पुढे झाली आणि तिनं मेढीवरून हात फिरवला, सगळ्या बाजूंनी. तिचा हात थांबला. एक बाजू काळीभोर, चकचकीत, धुराचं काजळ खाल्लेली. उलटी बाजू तपकिरी. "ही बाजू चुलीकडं होती," आय म्हणाली. आणि मग आम्ही सगळ्यांनीच ते एकदम पाहिलं. ताडपत्री पूर्ण ओढून काढली, मेढी गवतावर आडव्या मांडल्या. प्रत्येकीला एक काळं अंग होतं. काहींना कोळशासारखं, काहींना नुसतं भाजक्या कवडीसारखं. जितकी चुलीजवळ तितकी काळी, जितकी लांब तितकी फिकी. किती वर्षं रोज दोन वेळा पेटलेल्या त्या एका आगीनं साऱ्या घराला आपल्या भोवती मांडून ठेवलं होतं, प्रत्येकीचं तोंड ठरवून, प्रत्येकीचं अंतर ठरवून. आकडे बानं घातले त्याच्या कितीतरी आधी चुलीनं घातलेले होते. ज्या धुरावरून आयचं आणि काकीचं रोज वाजायचं, त्या धुरानं.

मला देव दिसला वगैरे म्हणायची सवय नाही. पण त्या माळावर गवतात आडव्या पडलेल्या मेढींकडे बघताना माझे हात जोडले गेले होते, हे मला नंतर भावानं चिडवलं तेव्हा कळलं.

अंतर आणि तोंड कळलं तरी काही मेढी सारख्याच रंगाच्या होत्या. मग पाड्यातल्या बायका आल्या. उखळाशेजारी एक मेढ असायची, सडताना एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं मुसळ मारायची. तिच्यावर छातीच्या उंचीला मूठभर जागा गुळगुळीत झाली होती. शेजारची बुधी काकू पुढे झाली, मूठ बसवली. "ही. मी नवी नवरी असताना इथं धरून सडलंय. तुमच्या उखळाला भात लवकर सडायचा."

दुसरी म्हणाली, "तुझा हात तिथं पोचायचा का तेव्हा?"

"पोचायचा. तोंड तुझ्याइतकं चालत नव्हतं म्हणून हात चालायचा."

गाईच्या बाजूची मेढ दाव्यानं गुडघ्याच्या उंचीला घासून खोलगट झाली होती, आणि तिच्या खोबणीत गाईचे पांढरे केस अजून होते. एका तुळईवर दोन बारीक घळी होत्या, आयनं त्यांत बोटं घातली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हा तुझा झोका. फार रडायचीस." उरल्या दाराजवळच्या दोन. दोन्ही फिक्या, दोन्ही खांद्याच्या उंचीला घासलेल्या. दाराच्या डाव्या अंगाची कुठली आणि उजव्या अंगाची कुठली हे कुणालाच सांगता येईना. बा तोवर लांब उभा होता. तो म्हणाला, "सुमन, तू बसायचीस ना टेकून? वाचायला?" मी दोन खड्डे खणून दोन्ही मेढी त्यांत उभ्या धरायला लावल्या आणि पहिलीला पाठ लावून बसले. काही नाही. दुसरीला लावून बसले. एक गाठ टोचली. लहानपणी ती गाठ मानेला लागायची, आणि म्हणून मी नेहमी डावीकडे कलून बसायची. आता ती पाठीच्या मधोमध लागत होती. वीतभर मेढ खाली आली होती, आणि बाकीचं अंतर माझ्या वाढण्यानं भरलं होतं.

"डावी," मी म्हणाले.

बाकीचे खड्डे खणले गेले. मेढी उभ्या राहिल्या, काळी तोंडं चुलीकडे करून. तुळया बेळक्यांत बसवताना बा म्हणाला होता तसंच झालं: चुकीची तुळई बसायचीच नाही, डुलायची, बरोबर तुळई त्या पिवळ्या कोवळ्या जागेवर अशी बसायची की "ठक्" असा एकच आवाज व्हायचा. तो आवाज आला की बायका खालून "हां" म्हणायच्या. बाजाराच्या दिवशी सकाळी आढं चढत होतं. पुरुष बेळक्यांच्या काठ्यांनी ते वर लोटत होते, लाड्याभाऊ घोषणा देत होता, बाच्याच मोर्च्यातल्या, फक्त शब्द बदलून, आणि ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्याच वेळी ओढ्यापलीकडून टेम्पोचा हॉर्न वाजला.

शेठ उतरला, चढण चढून आला आणि थांबला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, सगळ्यांच्या माना वर होत्या. आढं शेवटच्या बेळक्यावर आलं, थोडं थरथरलं आणि बसलं. साऱ्या सांगाड्यातून तोच जुना बारीक हुंकार खाली जमिनीत उतरला. माझ्या तळपायांना तो लागला. शेठनंही टोपी काढली होती. मग तो बाला म्हणाला, "काका, बोलणं झालं होतं. लाकडं देणार होतात."

बाच्या अंगावर घाम आणि काजळी होती. तो म्हणाला, "लाकडं द्यायची होती, खरं हाय. पण आता लाकडं राहिली नाय, शेठ. बघा तुम्हीच, कुठं हायत?" मग चुलीकडे हात करून म्हणाला, "चहा घेऊन जा." शेठनं वाकून आत पाऊल टाकलं, भिंती नव्हत्या तरी वाकून, आणि चुलीपाशी बसून चहा घेतला.

पुढच्या हिवाळ्यापासून आमच्या भागात धरणी हलायला लागली. तुम्ही तेव्हा बातम्यांत वाचलं असेल. डहाणू-तलासरीत लोक थंडीत उघड्यावर झोपत होते. आमच्या नव्या घराला दारावर एक बारीक चीर गेली आणि आय आत झोपेना. पाड्यातली लेकरं काकीच्या घरात यायची. धक्का आला की घर कुरकुरायचं, प्रत्येक तुळई आपल्या बेळक्यात जराशी सरकायची आणि परत बसायची. काकी म्हणायची, "झोपा, घर कूस बदलतंय." यावरून मी पक्क्या घरांविरुद्ध काही सिद्ध करू पाहते आहे असं समजू नका. आमचं नवं घर चांगलं आहे, त्याची चीर बानं बुजवली, आणि हक्क तो हक्कच. मला एवढंच म्हणायचं आहे की आम्हाला घर देताना कुणी असं समजू नये, की आधी आमच्याकडे घर नव्हतं.

काकी अजून त्या घरात राहते. मी गेले की डाव्या मेढीला टेकून बसते, गाठ टोचते, आणि नवं पत्रक तिला वाचून दाखवते. ती म्हणते, "लांबड लावलीस." बहुधा खरं असतं.

म्हणून आता लांबड थांबवते आणि तुमच्याकडे एक काम सोपवते. किनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलात, कुणाच्या फार्महाऊसवर, जुन्या सागाचा पॉलिश केलेला खांब शोभेला उभा दिसेल. फोटो काढायच्या आधी त्याच्याभोवती एक फेरी मारा. पॉलिशखाली एक अंग काळं आहे का, हात लावून बघा. असलं, तर मालकाला सगळ्यांसमोर विचारा: याचं तोंड कुणाच्या चुलीकडे होतं?